खाणीने क्लब पोसू नये, भाडे भरावे

खाणगावातला फुटबॉल क्लब डबघाईला आला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, खाणीने इतकी वर्षे क्लब सांभाळला, तर नव्या मालकानेही सांभाळावा. डोंगर पोखरून तांबे नेणाऱ्याला अकरा पोरांचा खर्च जड व्हावा काय? दुसरी बाजू म्हणते, खाणीचे काम खनिज काढण्याचे. ज्या क्लबाला प्रेक्षक आणि प्रायोजक मिळत नाहीत त्याने खालच्या श्रेणीत खेळावे, नाहीतर फाटकाला कुलूप लावावे. पूर्व सर्बियातल्या बोर या तांब्याच्या शहराबद्दल हेच दोन सूर ऐकू येतात. गोव्यात लोहखनिजाच्या पैशावर उभे राहिलेले क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले तेव्हाही सूर हेच होते. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचे न बोलता एकमत असते: क्लब हा खाणीने गावावर केलेला उपकार आहे. भांडण फक्त उपकार चालू ठेवावा की थांबवावा एवढ्यापुरते. माझे म्हणणे असे की हे गृहीतकच खोटे आहे. खाणीकडून गावाला आणि गावाकडून मैदानाला जायचा पैसा ही देणगी नव्हे, ते भाडे आहे. ते लेखी, खनिजाच्या टनांना बांधलेले आणि नगरपालिकेच्या हातून यावे. त्यातला एक दिनारही पहिल्या संघाच्या पगारावर जाऊ नये. याची किंमत म्हणून बोरचा क्लब देशाच्या वरच्या श्रेणीत कधीच दिसणार नसेल, तर ती किंमत मोजावी.

आधी बोर म्हणजे काय ते पाहू. १९०२ साली बेलग्रेडचा उद्योगपती जॉर्जे व्हायफर्ट याच्या माणसांना या भागात तांब्याचे मोठे साठे सापडले. १९०४ मध्ये फ्रेंच भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि मेंढपाळांच्या खेड्याचे खाणगाव झाले. क्लब १९१९ चा. म्हणजे गावाला शहराचा दर्जा मिळाला १९४७ मध्ये, आणि त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी गावाला फुटबॉल क्लब होता. धुराड्यांच्या वायूने आसपासच्या खेड्यांतली पिके जळत होती. १९३५ साली तिथल्या व्लाख, म्हणजे रुमानियनसारखी भाषा बोलणाऱ्या, शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांचे शेअर जर्मनांकडे गेले. खाणीत आणि तिच्यासाठीच्या रेल्वेमार्गाच्या कामावर वेठबिगार आली. त्यात हंगेरीतून आणलेले सुमारे सहा हजार ज्यू होते. युद्धानंतर राष्ट्रीयीकरण झाले आणि खाण, भट्टी, प्रक्रिया सगळे मिळून आरटीबी बोर हा प्रचंड उद्योग तयार झाला. मालक चार वेळा बदलले. राख आणि धूर गावाच्या वाट्याला प्रत्येक मालकाकडून आला. भाड्याचा मुद्दा इथूनच सुरू होतो, पण त्याकडे थोड्या वेळाने.

आता पहिल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य करतो, कारण तो खरोखरच बळकट आहे. १९६८ साली बोर युगोस्लाव्ह चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर रेड स्टार बेलग्रेड. निकाल ७-०. हे ऐकून हसू येईल, पण रेड स्टारने त्या वर्षी लीगही जिंकली होती. ती लीगविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत गेली, म्हणून उपविजेत्या बोरला युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत जागा मिळाली. त्याच वर्षी क्लब पहिल्या श्रेणीतही चढला. युरोपात पहिल्याच फेरीत गाठ पडली स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाशी. पहिला सामना स्लोव्हानने ३-० जिंकला, परतीचा बोरने २-० जिंकला. एकूण ३-२. पुढे हाच स्लोव्हान २१ मे १९६९ रोजी बासेलमध्ये बार्सिलोनाला ३-२ ने हरवून स्पर्धेचा विजेता झाला. म्हणजे एका खाणगावाच्या संघाने त्या वर्षीच्या विजेत्याला एका गोलाच्या फरकापर्यंत आणून ठेवले होते. खाणीचा पैसा नसता तर हे घडले असते का? नसते. बाजारावर सोडलेल्या व्यवस्थेत एवढ्याशा शहराचा क्लब तिथवर पोचण्याची शक्यता जवळपास शून्य. स्मरणरंजन करणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांच्याकडे पुरावा आहे.

पण तो पैसा कोणाचा होता? इथे स्मरणरंजन घसरते. युगोस्लाव्हियात १९५० पासून उद्योगांमध्ये कामगार परिषदा होत्या. १९६५ च्या आर्थिक सुधारणांनी उद्योगांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांच्याच हाती ठेवला. घरे, दवाखाने, सुट्टीची विश्रामगृहे आणि क्लब यांवर किती खर्च करायचा हे ठरवायला परिषदांना मोकळीक मिळाली. बोरची झेप त्यानंतर तीन वर्षांनी यावी हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. खेळाडूंची नावे कारखान्याच्या किंवा खाणीच्या हजेरीपटावर असत आणि पाय मात्र मैदानावर, ही त्या देशातली सर्रास रीत होती. तेव्हा शेअरधारक नावाचा प्राणी नव्हता. क्लबावर खर्च झालेला पैसा कोणा मालकाच्या खिशातून आला नव्हता; भुयारात उतरणाऱ्यांच्या सामाईक उत्पन्नातून तो वजा झाला होता. खाणीने क्लब पोसला असे म्हणणे म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मालकाने बक्षीस दिली असे म्हणण्यासारखे आहे.

व्यवस्थेत दोष होता तो दुसराच. एवढा पैसा गेला, पण त्यावर गावाचा हक्क सांगणारा टिकाऊ कागद तयार झाला नाही. परिषद असेपर्यंत ठराव होत राहिले. सत्तरच्या दशकात क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, सुटे भाग आणि कर्ज दोन्ही आटले, एके काळी वर्षाला दीड लाख टनांच्या घरात तांबे काढणारा उद्योग धापा टाकू लागला. मग विक्रीचे प्रयत्न झाले. २००७ मध्ये रुमानियन कंपनी क्युप्रोमशी झालेला करार पैसे न आल्याने मोडला. त्यानंतर ऑस्ट्रियन ए-टेकशी ठरलेला व्यवहारही फिसकटला. अखेर २०१८ मध्ये चीनच्या झिजिन कंपनीने ३५ कोटी डॉलरच्या भांडवलवाढीतून ६३ टक्के हिस्सा घेतला, जुन्या कर्जांसाठी २० कोटी डॉलर आणि एकूण १२६ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची हमी दिली. या आकड्यांच्या पंक्तीत क्लबाची पाटावरची जागा कोणती? कुठलाच लेखी हक्क हाती नसलेल्याने यजमानाच्या चेहऱ्याकडे बघत दारात उभे राहायचे, एवढेच उरते. आणि दारात उभे राहिलेल्याला कधी जर्सीवरचे नाव मिळते, कधी एका हंगामाची बसभाड्याची रक्कम. नव्या मालकाने क्लब पोसावा असा आग्रह धरणारे गावाला कायमचे तिथेच उभे करतात.

दुसऱ्या बाजूकडे वळतो. तिचेही म्हणणे हलके नाही. सर्बियातले बहुतेक फुटबॉल क्लब कायद्याने नागरिकांच्या संघटना आहेत, कंपन्या नाहीत. त्यांना भागभांडवल नाही, खरा मालक नाही, आणि तोटा झाला तर जबाबदार कोणी नाही. त्यांच्यामागे सरकारी उद्योगाचे किंवा नगरपालिकेचे पाकीट असले की पैसा नेमका सर्वांत अनुत्पादक जागी जातो: तिशी उलटलेल्या, एका हंगामासाठी आणलेल्या खेळाडूंच्या पगारावर. कारण कार्यकारिणीवर बसलेल्या माणसाला पाच वर्षांनी तयार होणारा मुलगा नको असतो, त्याला पुढच्या निवडणुकीआधी श्रेणीबढती हवी असते. लाझारेवाच हे कोलुबारा खोऱ्यातले लिग्नाइटचे शहर. देशाच्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास याच खोऱ्याच्या कोळशावर बनते. तिथला कोलुबारा क्लब २०२१ मध्ये सुपरलीगमध्ये, म्हणजे देशाच्या सर्वोच्च श्रेणीत, चढला आणि दोन हंगामांनी उतरला. दोन वर्षांच्या त्या वरच्या वास्तव्यातून शहराच्या पोरांच्या हाती काय उरले, हा प्रश्न बाजारवादी विचारतात तेव्हा त्याला उत्तर द्यावेच लागते. सेवोय्नोचे उदाहरण तर अधिक बोलके. ते बोरच्या तांब्याचे पत्रे आणि नळ्या लाटणाऱ्या कारखान्याचे गाव. त्याचा छोटा क्लब २००९ मध्ये सर्बियन चषकाच्या अंतिम सामन्यात पार्टिझानविरुद्ध खेळला, आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या उझित्सेच्या क्लबात विलीन झाला.

तरीही बाजारावर सोडा हे उत्तर चुकते, दोन कारणांनी.

पहिले कारण साधे हिशेबाचे. २०११ च्या जनगणनेत बोर शहराची लोकसंख्या ३४ हजारांच्या वर होती, २०२२ मध्ये ती २९ हजारांच्या आत आली. एवढ्या वस्तीत तिकीटविक्रीवर मैदानाचे गवतही राखता येत नाही. सर्बियातल्या क्लबांचे खरे उत्पन्न खेळाडू परदेशी विकण्यातून येते, आणि त्या बाजारात छोट्या क्लबाला मिळणारा वाटा नियमाने ठरलेला आहे. फिफाच्या एकात्मता निधीच्या नियमानुसार खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात: बारा ते पंधरा या वयांच्या प्रत्येक हंगामाला ०.२५ टक्के, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. म्हणजे बोरने एखादा मुलगा बाराव्या वर्षापासून सतरावे वर्ष संपेपर्यंत घडवला आणि पुढे तो एक कोटी युरोला एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर बोरचा हक्क २ टक्के, दोन लाख युरो. खालच्या श्रेणीतल्या क्लबासाठी ही वर्षानुवर्षे पुरणारी रक्कम. पण ती मिळण्याआधी सहा वर्षे प्रशिक्षक, चेंडू, बस आणि मैदान यांवर खर्च करावा लागतो, तो कुठून यायचा? बाजार हा खर्च आगाऊ देत नाही. शिवाय इथेच सर्वाधिक गळती होते. मुलाची नोंदणी महासंघाकडे उशिरा होते. एखादा हंगाम कोऱ्या कागदावर जातो. तेरा वर्षांचा मुलगा शेजारच्या शहरात खेळायला जातो आणि सुटकेच्या पत्राची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. आता फिफाचे क्लिअरिंग हाउस खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून वाटप करते; पासपोर्टात हंगाम नसेल तर पैसा नाही. मैदान नीट असलेल्या पण कारकून नसलेल्या क्लबाचे नुकसान होते ते या ठिकाणी.

दुसरे कारण अधिक मूलभूत. बाजाराचा दाखला देणारे खाण ही बाजारातली एक निरुपद्रवी दुकानदार आहे असे धरून चालतात. बोरमध्ये खाण शहराच्या पोटातच आहे. जुन्या उघड्या खाणीचा खड्डा वस्तीला खेटून आहे. भट्टीतून निघणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइडसाठी युरोपीय मर्यादा तासाला घनमीटरमागे ३५० मायक्रोग्रॅमची, वर्षात २४ तासांपेक्षा जास्त वेळा ओलांडू नये अशी. दिवसाची मर्यादा १२५. सर्बियानेही हीच मानके स्वीकारली आहेत. बोरमध्ये ती ओलांडली गेली म्हणून लोक रस्त्यावर उतरले आहेत. बारा वर्षांचा मुलगा धावताना विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो. त्या मुलाच्या फुप्फुसाचा वापर खाण करते, तो कोणत्या बाजारभावाने? ज्याची जागा, पाणी आणि हवा वापरली जाते त्याला वापराचे मूल्य मिळावे, हा तर बाजाराचाच नियम. त्याला भाडे म्हणतात. बाजारवाद्यांनी आपल्याच तत्त्वाचा अर्धा भाग वाचला आहे.

इतिहासात याहून चांगली वाट सापडते का? सापडते, आणि ती फ्रान्समध्ये सापडावी ही गंमत आहे, कारण बोरची खाणही फ्रेंचांनीच उभी केली. उत्तर फ्रान्समधले लाँस हे कोळशाचे शहर. तिथल्या क्लबाचे मैदान खाण कंपनीने बांधले, १९३३ मध्ये उघडले, आणि कंपनीच्या व्यापार संचालकाचे, फेलिक्स बोलार याचे, नाव त्याला दिले. युद्धानंतर खाणी सरकारी झाल्या, तरी क्लब खाणीचाच राहिला. मग कोळशाला उतरती कळा लागली. १९६८ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला, पुढच्या वर्षी खाणीने हात काढून घेतला, आणि लाँसने व्यावसायिक दर्जा सोडून हौशी क्लबांत खेळायला सुरुवात केली. बोरच्या झेपेची आणि लाँसच्या पडझडीची वर्षे जवळपास तीच आहेत. त्या क्षणी लाँससमोरही तेच दोन पर्याय होते: खाणीपुढे रडायचे किंवा कुलूप लावायचे. महापौर आंद्रे देलेली यांनी तिसरे केले. शहर क्लबाच्या मागे उभे राहिले, आणि सत्तरच्या दशकात मैदान खाणीकडून एका प्रतीकात्मक फ्रँकला शहराच्या नावावर घेतले. १९७३ मध्ये क्लब पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. त्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण, वान्यीची, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. आणि लाँस पहिल्यांदा, आजवर एकदाच, फ्रान्सचा विजेता झाला १९९८ मध्ये, मेट्झइतकेच गुण मिळवून गोलफरकावर. खाणीच्या ऐन भरात जे जमले नाही ते खाण बंद झाल्यावर आठव्या वर्षी जमले. २०१२ मध्ये देलेलींचे नाव मैदानाच्या नावात जोडले गेले, ते योग्यच झाले.

यावर आक्षेप येईल की लाँसभोवती दाट वस्तीचा अख्खा कोळसापट्टा पसरला आहे आणि बोरभोवती डोंगर. आक्षेप बरोबर आहे. लाँसचे मैदान गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसे बसवते, कारण ती माणसे वीस गावांतून येतात. बोरला असे कधीच जमणार नाही, आणि बोरने विजेतेपदाची नक्कल करावी असे मी म्हणतही नाही. नक्कल करायची ती मालमत्तेच्या कागदाची. उलट लाँसच्याच पुढच्या इतिहासात एक इशारा आहे. २०१३ मध्ये क्लब अझरबैजानच्या एका धनाढ्य उद्योजकाने घेतला, कबूल केलेले पैसे वेळेवर आले नाहीत, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात फ्रेंच लीगच्या लेखा-नियंत्रकांनी बढतीच अडवली. ती मिळवायला क्लबाला फ्रान्सच्या ऑलिम्पिक समितीकडे दाद मागावी लागली. आश्रयदाता बदलला तरी आश्रिताची अवस्था बदलत नाही.

गोव्याचे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते, कारण ते माझ्या मांडणीला सहज शरण येत नाही. धेंपो आणि साळगावकर ही खाणउद्योगातली घराणी. त्यांचे क्लब राष्ट्रीय विजेते झाले, धेंपो तर पाच वेळा. धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्ये सेसा गोवाला विकला, आणि त्यानंतरही क्लबाने २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग जिंकली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यात खाणकाम थांबले, तरी दोन्ही क्लब खेळत राहिले. म्हणजे घराण्याची निष्ठा खनिजापेक्षा टिकाऊ निघाली. हे मान्य केलेच पाहिजे; लेखी करारावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने तर आधी. पण २०१६ मध्ये महासंघाने फ्रँचायझी लीगला वरचे स्थान देण्याचा आराखडा पुढे केला आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यांचा निषेध चुकीचा होता असे मला वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे: तो निर्णय घेताना म्हापशाच्या, वास्कोच्या किंवा पणजीच्या प्रेक्षकाला कोणी विचारले? विचारायची जागाच नव्हती. धेंपो पुढे परत वर चढून २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये आला, तेही घराण्याने ठरवले म्हणून. चांगल्या मालकाच्या हातातही क्लब मालकाचाच असतो.

आणि जिथे मालक, कामगार आणि गाव यांच्यातच फूट पडते तिथे काय होते ते कोसोव्होतल्या मित्रोव्हित्सात दिसते. त्रेप्चाच्या शिसे-जस्ताच्या खाणीचा क्लब १९७७-७८ मध्ये युगोस्लाव्ह पहिल्या श्रेणीत खेळला. त्याच हंगामात तो चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जादा वेळेत रिएकाकडून ०-१ ने हरला. आज त्या वारशावर सर्ब आणि अल्बेनियन असे वेगवेगळे क्लब हक्क सांगतात. इबार नदी शहर दुभंगते, तसाच क्लबही.

आता भाडे म्हणजे नेमके काय, कारण या वादात सगळे तत्त्वावर भांडतात आणि तपशिलाशी येऊन थांबतात. सर्बियात धातुखनिजांवर भट्टीच्या निव्वळ मूल्याच्या, म्हणजे धातू गाळण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या किमतीच्या, ५ टक्के शुल्क आहे आणि त्यातला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थेचा. म्हणजे नळ आधीच बसवलेला आहे. शहराच्या सभेने त्या वाट्याचा छोटा, ठरलेला हिस्सा खेळाच्या स्वतंत्र खात्यात टाकण्याचा ठराव करायचा, एवढेच बाकी. भारतातही खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्यांना १० टक्के भरावे लागतात. तत्त्व तेच. मात्र हिस्सा खाणीच्या नफ्याला कधीही बांधू नये. नफा हा हिशेबनीसाच्या हातातला आकडा. समूहातल्या दुसऱ्या कंपनीला सांद्र, म्हणजे दगडापासून वेगळे केलेले तांबेयुक्त खनिज, स्वस्तात विकले की इथला नफा पातळ होतो. टन लपवणे त्यापेक्षा अवघड, कारण ते वजनकाट्यावरून जातात. दुसरी खबरदारी भावाची. एप्रिल १९७४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबे टनाला १,४०० पौंडांवर गेले आणि वर्ष संपता संपता निम्म्याच्याही खाली आले. चढत्या वर्षी सगळे खर्चून उतरत्या वर्षी मुलांचे प्रशिक्षक काढून टाकायचे, हा खाणगावांचा जुना रोग आहे. म्हणून खर्च मागच्या पाच वर्षांच्या सरासरीवर, वरचा पैसा राखीव.

खर्च कशावर? आधी मैदानावर, आणि त्यातही न दिसणाऱ्या भागावर. नैसर्गिक गवताचे एक मैदान आठवड्याला मोजकेच तास सहन करते. थंडीत, ओल्या जमिनीवर त्याहून कमी. दहा वयोगटांचे संघ त्यावर खेळवले तर मार्चपर्यंत चिखल. म्हणून कृत्रिम हिरवळ घातली जाते. फिफाच्या साध्या दर्जाची हिरवळ आठवड्याला ४० ते ६० तासांच्या वापरासाठी असते. तिचे उद्‌घाटन फीत कापून होते आणि तिचे मरण कोणी नोंदवत नाही: आठ-दहा वर्षांत तंतू झिजतात, भराव घट्ट होतो, घोटे मुरगळू लागतात. बदलण्याचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेला नसेल तर दहाव्या वर्षी क्लब पुन्हा खाणीच्या दारात. त्यानंतर प्रशिक्षक, मग नोंदणी सांभाळणारा पगारी माणूस, ज्याच्याबद्दल वर लिहिलेच आहे. आणि हवेचे एक कलम: मैदानाजवळच्या मापकावर सल्फर डाय-ऑक्साइड तासाला ३५० च्या वर गेला की सराव बंद, आणि बंद पडलेल्या प्रत्येक तासाचे मूल्य भट्टीने वेगळे भरायचे. हे कलम कंपनीला सर्वांत कमी आवडेल. म्हणूनच ते असावे.

पहिल्या संघाच्या पगाराला यातले काही नाही, हे वाचून बोरचा जुना प्रेक्षक विचारेल: मग आमच्या पोरांनी जन्मभर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत कुढत बसायचे? कदाचित, हो. सदस्यवर्गणी, तिकीट आणि बदलीच्या वाट्यातून जेवढा संघ उभा राहील तेवढा राहील. कंपनीला जर्सीवर नाव हवे असेल तर तिने ते बाजारभावाने विकत घ्यावे, वर्षाच्या करारावर, भाड्याव्यतिरिक्त. शिखर सुटते हे मी लपवत नाही. पण १९६८ च्या शिखराचे गावाकडे आज काय आहे? एक ७-० आणि एक ३-२. त्या काळच्या तांब्यातून गावाच्या नावे मुलांना फुटबॉल शिकवणारी एक नांदती प्रबोधिनी आणि भाड्याचा एक कागद शिल्लक राहिला असता, तर २०१८ च्या वाटाघाटींत क्लबाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे: नगरपालिका खाणीपेक्षा चांगली कशावरून? सर्बियात स्थानिक सत्ता आणि क्लबांची कार्यकारिणी यांचे साटेलोटे जगजाहीर आहे. पैसा पालिकेकडे दिला की तो पक्षाच्या माणसांकडे जाईल. याला माझ्याकडे रामबाण उत्तर नाही, फक्त अडथळे आहेत. खाते क्लबाचे नव्हे, मैदानाचे. दर तिमाहीला टन, जमा आणि खर्च फलकावर. मंडळात पालकांचे आणि खाणकामगार संघटनेचे प्रतिनिधी, आणि पालिका सदस्यांना बहुमत नाही. भ्रष्टाचार तरीही होईल, पण देणगीतला भ्रष्टाचार कोणाला विचारता येत नाही आणि भाड्यातला न्यायालयात नेता येतो. मात्र या सगळ्याच्या आधीचे एक काम बिनखर्चाचे आहे आणि ते कोणत्याही करारावर सही होण्याआधी व्हायला हवे: मैदान, सरावाची पट्टी आणि कपडे बदलायच्या खोल्या भूमिअभिलेखात आज कोणाच्या नावावर आहेत ते काढून पाहणे. ती नोंद उद्योगाच्या नावावर असेल, तर लाँसचा एक फ्रँक आधी मोजावा लागेल.